टाकीच्या डावीकडचा चंद्र

२ मार्च, पहिला रोजा

मिनहाला दुर्बीण हवी. खेळण्यातली नाही, खरी. आणि ईदच्या चंद्राआधी हवी! सात वर्षांच्या पोरीला एवढी घाई कसली? म्हणे, "सगळ्यांच्या आधी मला दिसला पाहिजे." या गच्चीवरून पहिला चंद्र तीस वर्षं माझे अब्बाच दाखवत आलेत. त्यांचं बोट वर गेलं की सगळा मोहल्ला तिकडे बघतो. कालही तसंच. मिनहा त्यांचा हात धरून शेजारी उभी होती. नानांशी शर्यत लावायची असणार.

३ मार्च

दुकानात व्यंकटरावांना विचारलं. मी पुढे गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर काढते, ते मागे बसून चष्म्याच्या काचा घासतात. जीव मात्र आकाशात. म्हणाले, "अम्मा, खोक्यावर सहाशे पट मोठं दिसेल असं लिहिलेलं असलं की तिथून पाय काढायचा." पटीला भुलायचं नाही, नळीचं तोंड किती रुंद ते बघायचं. आणि तिवई डुलणारी नको.

५ मार्च

सौदीतल्या दम्मामहून मिनहाच्या अब्बूंचा फोन. त्यांनी नेमकी सहाशे पटवालीच पसंत केलीय. "मोठी घे ना, एकुलती एक पोर आहे." म्हटलं, तिवई डुलते, तुम्ही येऊन धरून उभे राहा. हसले.

८ मार्च

व्यंकटरावांनी घरच्या दोन आणल्या. इफ्तार उरकून गच्चीवर गेलो. मोठी बादलीएवढी जाड, बुडाशी आरसा. तिच्यातून चंद्रावरचे खड्डेसुद्धा मोजता आले. पण मिनहाला स्टुलावर चढावं लागतं, आणि ती नळी तिच्याच्याने हलत नाही. छोटी हातभर लांब, पुढे भिंग. ती तिने दोन मिनिटांत वळवली. आणि कुठे, तर पश्चिमेला, मशिदीमागच्या पाण्याच्या टाकीवर! डोक्यावर एवढा चंद्र, आणि ही टाकी बघतेय. "अम्मी, चंद्र टाकीजवळ असला तर दोन्ही एकदम दिसतील?" व्यंकटराव म्हणाले, दिसतील की.

जाताना जिन्यात त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय तिकडे दुर्बीण वळवायची नाही. आणि छोटीत डाव्याचं उजवं दिसतं, डोळ्यापाशी तिरका आरसा आहे म्हणून. "मुलीला सांगून ठेवा." पहिली गोष्ट मिनहाकडून तीनदा वदवून घेतली. दुसरीचं काय, चंद्राला कसलं आलंय डावं न् उजवं.

९ मार्च

छोटीच घ्यावी असं वाटतंय. व्यंकटराव म्हणाले, ईदपर्यंत माझीच वापरा, मग ठरवा. भला माणूस.

१५ मार्च

अब्बा अजून दुर्बिणीला डोळा लावत नाहीत. "घड्याळं दुरुस्त करताना चाळीस वर्षं डोळ्याला भिंग होतं. आता सुट्टी दे, बाई." दोन वर्षांपूर्वी हात थरथरतात म्हणून दुकान बंद केलं, पण चहाची बशी हातात कशी स्थिर असते त्यांच्या. मिनहा रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवते. तेवढीच तिची उर्दू सुधारेल म्हणतात. बरं आहे.

२३ मार्च

सूर्य बुडाला की मिनहा टाकीवर दुर्बीण लावून बसते. चंद्र नाही, तारा नाही. नुसती टाकी!

३० मार्च, एकोणतिसावा रोजा

कसं लिहू कळत नाही.

सगळे गच्चीवर. मिनहा दुर्बिणीपाशी. एकदम उठली, पळत जाऊन अब्बांचा हात धरला. अब्बांचं बोट वर गेलं, टाकीच्या उजवीकडे. सगळ्यांनी बघितलं. काही नाही. शेजारचे कमरभाई म्हणाले, "चाचा, कुठे?" अब्बा म्हणाले, "अरे, तो काय, केसाएवढा." तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून ओरडा झाला, "डावीकडे, डावीकडे!" आणि होताच तो डावीकडे. बारीक, स्वच्छ. मीसुद्धा साध्या डोळ्यांनी बघितला.

"चाचा, आज चंद्राने बाजू बदलली का?" कमरभाई हसले. सगळे हसले. अब्बाही हसले, जरा उशिरा. कुणी वाईट मनाने हसलं नाही, पण मला राग आला. मिनहा खाली जाऊन रजईत शिरली. जेवली नाही.

३१ मार्च, ईद

मिनहा शीरखुर्म्याला हात लावेना. शेवटी कानात म्हणाली, "नानांना दिसत नाही, अम्मी. टाकीपण नाही. टाकी कुठे आहे ते त्यांना पाठ आहे. मग मी बोट दाबते. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे. काल मी बरोबर दोनदा दाबलं होतं. दुर्बीण खोटं बोलली."

दुर्बीण नाही, मी. डाव्याचं उजवं दिसतं हे जिन्यात ऐकलं आणि जिन्यातच सोडून दिलं.

अख्ख्या मोहल्ल्याचे नंबर मी काढते. अब्बांना एकदाही खुर्चीत बसवलं नाही. लाज वाटते.

२ एप्रिल

मिनहाने अब्बांना हाताला धरून दुकानात आणलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं. सगळ्यात मोठं अक्षर लावून विचारलं, "अब्बा, कुठलं?" त्यांनी हळूच मिनहाकडे हात पुढे केला. तिने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, आज दाबायचं नाही, बेटा.