वहीतला अर्धा मारवा

मुलुंड (पूर्व)
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. मीरा हिस अ. आ. (अनेक नाही, आज एकच.)

रविवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. बोरिवलीच्या सभागृहात, तुझ्या साठीनिमित्तच्या सत्कारात, तुझ्या चिरंजीवाने ‘ताईच्या वहीतून’ नावाची पुस्तिका अडीचशे लोकांच्या हातात ठेवली. विम्याच्या तक्रार विभागात छत्तीस वर्षं काढली आहेत, म्हणून आधी वेळ लिहिते, मग गुन्हा.

वही माझी. शौनक दिवाळीत ती घेऊन गेला तेव्हा म्हणाला होता, मावशी, आईच्या कार्यक्रमांच्या तारखा फक्त तपासतो. तारखा राहिल्या बाजूला, माझी मतं छापली. तीही सोलून.

त्या जाडजूड कादंबरीबद्दल मी लिहिलं होतं की शेवटची दोनशे पानं लेखकाने स्वतःच्याच प्रेमात पडून लिहिली आहेत. छापलंय, ‘प्रेमात पडून लिहिली आहेत.’ हंपीला गाइड तीन तास थापा मारत होता, मधुकर झाडाखाली झोपला होता आणि मी एकटी भर उन्हात एका मोडक्या खांबापाशी बसून राहिले होते. छापलंय, ‘हंपीला आम्ही दोघं भारावून गेलो.’ दुसऱ्याच्या तोंडी शब्द घातले की आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर दिवसभर बाकावर उभं करायच्या. शौनकला बाक पुरायचा नाही.

आणि २ मार्च, घाटकोपर, तुझा मारवा. त्या पानातलं एकच वाक्य ठेवलंय: ‘मीराचा मारवा ऐकताना डोळ्यांत पाणी आलं.’ पुढचं कुठे गेलं? सभागृहात बायका माझा हात धरून सांगत होत्या, किती प्रेमाने लिहिलंय हो बहिणीबद्दल! मी कुणाचं खोटं कौतुक करत नाही, हे आमच्या पोस्टमनलाही ठाऊक आहे.

वही परत हवी आणि शौनकच्या सहीची कबुली हवी, २६ तारखेच्या आत. फोन करू नकोस. फोनवर तू गप्प बसतेस आणि मी विरघळते.

लोभ आहे, पण सध्या कुलपात.
वसुधाताई


बोरिवली (पश्चिम)
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस मीराचा सा. न.

वही सोबत पाठवते आहे. कादंबरी आणि हंपी हे शौनकचे उद्योग. विचारलं तर म्हणतो, मावशीचं सगळं छापलं असतं तर निम्मं सभागृह उठून गेलं असतं. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. कबुली तो वेगळी लिहील. मधुकर भावजींना नमस्कार सांग.

घाटकोपरचं वाक्य मात्र मी दिलं, ताई. वही न उघडता, आठवणीतून. आपला नेम तुला काय सांगायचा! मैफल संपली की परतताना एक शब्दही बोलायचा नाही. तू घरी जाऊन वहीत लिहायचंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोनवर वाचून दाखवायचंस. तेहतीस वर्षं हेच चाललंय. ३ मार्चला तू डोळ्यांतल्या पाण्याचं वाक्य वाचलंस आणि म्हणालीस, दूध उतू जातंय गं, ठेवते. मला तेवढंच माहीत होतं. तेवढंच मी छापायला दिलं.

तुझं पत्र आलं तेव्हा ते पान पहिल्यांदा पाहिलं. पुढे लिहिलंयस, ‘कारण वरच्या सुरावर आवाज फाटला आणि तिला ते कळलंही नाही. तिने आता मंचावर गाऊ नये.’

मार्चनंतर मी सात ठिकाणी गायले. गोरेगाव, जुहू, पार कुर्ल्यापर्यंत. तू एकदाही आली नाहीस. कधी गुडघा, कधी पाहुणे. दर वेळी वर जाताना घशात काहीतरी अडायचं आणि मी मनाशी म्हणायचे, ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणजे सूर लागतोय. तंबोऱ्यावर बसणाऱ्या माझ्या स्वरदाने भीत भीत विचारलं होतं, बाई, पट्टी थोडी उतरवायची का? मी तिला सगळ्यांसमोर झापलं. तुझ्या एका वाक्याच्या जोरावर.

२१ डिसेंबरला मुलुंडला कार्यक्रम ठरलाय. आयोजकांना मी अजून पक्कं कळवलेलं नाही. गाऊ की नको? तुला लेखी आवडतं, तर लेखीच सांग.

तुझीच,
मीरा


मुलुंड (पूर्व)
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

चि. मीरास सगळे आशीर्वाद.

दूध उतू जात नव्हतं. गॅससुद्धा पेटवलेला नव्हता. पुढची ओळ समोर होती आणि तोंडातून निघेना. छत्तीस वर्षं अनोळखी माणसांना नकाराची पत्रं लिहिली, एकदाही हात अडखळला नाही. सात वेळा गुडघ्याचं नाहीतर पाहुण्यांचं नाव पुढे केलं, कारण आले असते तर लिहावं लागलं असतं आणि लिहिलं असतं तर वाचावं लागलं असतं. जे मी केलं त्यासाठी तुझ्या मुलाला बाकावर उभं करत होते. त्याची कबुली नको. मधुकर तर म्हणतो, मी हंपीला भारावूनच झोपलो होतो.

आता उत्तर. गाऊ नकोस. सत्काराच्या शेवटी पाच मिनिटं गायलीस, तिथेही आवाज तसाच फाटला. माझे कान म्हातारे झाले असतील असं वाटलं तर स्वरदाला विचार, आणि या वेळी तिला बोलू दे. घरी खालच्या पट्टीत गा, मुलींना शिकव, मला हव्या तेवढ्या शिव्या दे. मंचावर नको.

तू गायचं थांबवलंस की पुढे मी कुणाचं गाणं ऐकायला इतक्या लांब जायचं, हे मला सुचेना, म्हणून मार्चमध्ये फोन ठेवला. कारण चांगलं नाही. पण खरं तेच आहे.

गाणं तुझं, निर्णयही तुझाच. गायलीस तर पहिल्या रांगेत बसेन, सगळं लिहीन आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवेन. २१ तारखेला गाणार की नाही, हे तुझ्या हाताने लिहून सोमवार, ८ डिसेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारी आलं पाहिजे. फोन नको, शौनककरवी निरोप नको.

माझ्यावरचा लोभ कमी करायचा असेल, तर तेही त्याच पत्रात लिही.

ताई