अठराशे चाळिसावा वेढा

प्रिय लंबूस,

अनेक आशीर्वाद. (मी तुझ्याहून तीनच महिन्यांनी मोठा, पण आशीर्वाद द्यायची संधी सोडण्याइतका मोठ्या मनाचा नाही.) तुझी पाठ आता दुखत नसेल आणि वरच्या मजल्यावरचा तो ट्रम्पेटवाला घर सोडून गेला असेल, असं धरून चालतो. इकडे मामी धडधाकट आहे. मामा, म्हणजे तुझे बाबा, जसेच्या तसे. मेंदूचा झटका येऊन गेल्याला चौदा महिने झाले, तोंडातून शब्द नाही. तू औषधं वेळच्या वेळी पाठवतोस, स्वतः मात्र चार वर्षांत फिरकला नाहीस. हा टोमणा नाही. (टोमणाच आहे.)

पत्राला कारण माझा अॅम्प्लिफायर. हसू नकोस, पुरा झाला. तोच, व्हॉल्व्हवाला, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीचा, ज्यात सगळं गाणं एकट्या व्हॉल्व्हने अंगावर घ्यायचं असतं, मदतीला जोडीदार नाही. वजन अठरा किलो, आणि आवाज एवढासाच की मामीने मिक्सर लावला तर माझ्या यंत्राने मुकाट्याने खाली मान घालावी. सांगाड्याला चपलांच्या कपाटाचं दार वापरलं. (चपला तेव्हापासून उघड्यावर आहेत.) आत चारशे व्होल्ट खेळतात, म्हणून काम करताना एक हात कायम खिशात ठेवायचा असा नियम आहे, म्हणजे धक्का बसलाच तर छातीतून आरपार जात नाही. मला सवयच लागली. महिनाभर मी खिशात हात घालून घरभर हिंडत होतो आणि मामी शेजारणीला सांगत होती की याच्या मनात कुणीतरी भरलेलं दिसतंय.

मागच्या रविवारी दुपारी, तीन वाजायला थोडा अवकाश असताना, पहिल्यांदा चालू केला. मामीला लाकडी काठी देऊन मागे उभं केलं होतं, मी चिकटलो तर मारून सोडवायला. तिने मी बटणाला हात लावायच्या आतच एक ठेवून दिली. (म्हणे सराव.) मग व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाला, स्पीकरमधून बारीक घुंई सुरू झाली. गाणं मी अजून जोडलंच नव्हतं, नुसती घरघर ऐकायची होती. आणि त्या घरघरीतून, लंबू, कुणीतरी बोलायला लागलं. अठराशे एकवीस. अठराशे बावीस. अठराशे तेवीस.

मामीच्या हातून काठी पडली. आवाज मामांचा होता.

तुला वेगळं सांगायला नको. जळक्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरण्यात त्यांचा जन्म गेला, खाली दुकानात यंत्राचा दांडा फिरवत तारेचा एकेक वेढा मोठ्याने मोजायचे आणि मोजणी चालू असताना कुणालाच ओ द्यायचे नाहीत. हा तोच सूर, शंभरच्या प्रत्येक टप्प्याला किंचित वर जाणारा. मी घाबरून प्लग उपटला, तर आवाज तसाच पुढे! तेहतीस, चौतीस, पस्तीस, आणि मग विझत विझत गेला. (आतले वीज साठवणारे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार-पाच सेकंद दम धरून असतात, हे मला पुस्तकी माहीत होतं. त्या वेळी ते पुस्तक लिहिणारा समोर असता तरी माझा विश्वास बसला नसता.) दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून मी दोनलाच यंत्र लावलं. एकपासून सुरुवात. तासभर मोजणी, आणि अठराशे चाळीसला थांबली. पुढे काही नाही. नुसता श्वास. स्पीकर काढून त्याच्या जागी आवाज न करणारा रेझिस्टन्स लावला, कान आतल्या ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेल्या तारेच्या गठ्ठ्यावर, टेकवला, तर लोखंड आतल्या आत तेच मोजत होतं.

मामी मात्र रोज दोन वाजता पदर सावरून यंत्रासमोर खुर्ची टाकते. भीती नाही, रडणं नाही. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "घसा बसलाय रे त्यांचा, कोमट पाणी द्यायला हवं." चौदा महिन्यांनी नवऱ्याचा आवाज ऐकणाऱ्या बाईला मी काय समजावणार? अठराशे चाळीस आलं की ती दाराकडे बघते आणि तशीच बसून राहते. परवा तिने जेवणाचं ताट तसंच ठेवलं. मला ते बघवत नाही.

शेवटी ज्याने व्हॉल्व्ह दिला त्या रेडिओवाल्याला बोलावलं. त्याने पेन्सिलीने व्हॉल्व्हला टिचकी मारली, स्पीकर टणकन वाजला, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उंटावरचा शहाणा आहे हे त्याला कळून चुकल्याचं मला कळलं. जुन्या व्हॉल्व्हच्या आतल्या तारा सैल होतात म्हणे, मग टेबलाची, भिंतीची थरथर ते कानासारखी टिपतात. टेबल भिंतीला टेकलेलं. भिंतीपलीकडे मामांचा पलंग, डोक्याची बाजू इकडे. मी धावत तिकडे गेलो. मामांचे ओठ हलत होते. कान अगदी तोंडाशी नेला तरी ऐकू येईना, पण उजव्या हाताची दोन बोटं चादरीवर गोल फिरत होती. डॉक्टर म्हणतात, बोलणं गेलं तरी मोजणी राहते कुणाकुणाची. थोडक्यात, भूतबीत काही नाही, माझा जीव भांड्यात पडला, आणि आम्ही सगळे खुशाल आहोत. तूही असावास.

तुझा,
आतेभाऊ

ता. क. खुशाल नाही. ये. रविवारी दोनच्या आत ये.

ता. क. २. वर लिहिलेलं सगळं खरं असलं तरी एक राहिलं. काल मामांना तपासणीला नेलं होतं, पलंग रिकामा. मी परतलो तेव्हा मामी एकटीच यंत्रासमोर बसून होती. म्हणाली, "आज जरा हळू मोजले." मी कपॅसिटरचं काहीतरी असेल म्हणालो. असं नसतं, हे मलाही ठाऊक आहे.

ता. क. ३. आता जे लिहिण्यासाठी हे पत्र हाती घेतलं, ते. चार वर्षांपूर्वी तू दुकानाच्या दारात उभा राहून सांगितलंस, नोकरी घेतली, आज निघतोय. मामांनी मान वर केली नाही. तू म्हणालास, तुमच्या तारेपुढे मी कोण, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरलास. ती तार माझी होती. माझाच ट्रान्सफॉर्मर भरणं चाललं होतं, आज या यंत्रात बसलाय तोच, चोवीसशे वेढे, आणि मीच सकाळी बजावलं होतं की मामा, यात एकही चुकता कामा नये. आज त्याच्या वेष्टणावर त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं पाहिलं: १८४० + ५६०. उभ्या आयुष्यात त्यांनी मोजणी मध्येच थांबवल्याचं दुसरं उदाहरण नाही. ते थांबले, आकडा लिहिला, आणि तार हातात तशीच धरून दारापर्यंत गेले. तू तोवर कोपऱ्यावरून वळला होतास. मी तिथेच होतो, मी पाहिलं, आणि तुला हाक मारली नाही, कारण मला माझा ट्रान्सफॉर्मर संध्याकाळपर्यंत हवा होता. मी नीच आहे. काय म्हणायचं ते समोर येऊन म्हण.

फक्त, अठराशे चाळीसनंतर या वेळी लगेच जिना उतरू नकोस. त्यांना आता उठायला वेळ लागतो.