मशीन डॉक्टरीणबाईंच्या फाटकातच का बंद पडतं

ती. मामा,

नमस्कार. वाकून केला असं समजा. प्रत्यक्षात वाकता येत नाही, कारण मशीनच्या सीटची गादी बसली आहे आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट माझ्या कमरेला पोचतो. तुमचा गुडघा कसा आहे? मामीची झोप सुधारली का? इकडे आई बरी आहे, दादा बरा आहे आणि वहिनी त्याला बरं ठेवते आहे. बरं नाही ते आपलं खोदाईचं मशीन. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य ऐकून "इंजेक्टर" म्हणता आणि ठेवून देता. (मागच्या वेळीही तेच म्हणालात, आणि दोष निघाला भलताच. ते मी इथे कुणाला सांगितलेलं नाही, कारण तुमच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या वर्षांचा मान राहिला पाहिजे.) पत्र कसं, शेवटपर्यंत वाचावं लागतं.

गावाबाहेरच्या रस्त्यावर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांना मागे आजारी जनावरांसाठी शेड बांधायची होती, तिच्या पायाची खोदाई आपल्याकडे आली. पहिल्याच सकाळी मी मशीन फाटकाशी आडवं लावलं, बाजूचे लोखंडी पाय टेकवले, मागचा हात लांब केला आणि झकास खोदायला लागलो. थोड्या वेळाने इंजिन गुरगुरलं, दम लागल्यासारखं धापलं आणि गप्प झालं. आता तुम्हाला सांगायला नको, पाय टेकलेले असताना इंजिन गेलं की मशीन जागचं हलत नाही. फाटक आडवं बंद. बाहेर एक गाय, दोन शेळ्या आणि पोट फुगलेला एक घोडा असे पेशंट आपापल्या मालकांसह ताटकळत. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि बॅग घेऊन रस्त्यावरच घोडा तपासायला बसल्या.  

मग वैद्य सुरू झाले. आधी आपला नेहमीचा मेस्त्री आला. याला जगातल्या सगळ्या दुखण्यांमागे फिल्टर दिसतो. (त्याच्या मुलीचे मार्क कमी आले तेव्हा त्याने घरातला पाण्याचा फिल्टर बदलला, असं वहिनी सांगते.) त्याने टाकीत डोकावून डिझेल असल्याची खात्री केली, डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा झटकला, हातपंप मारून हवा काढली, आणि मशीन सुरू झालं. तो बाजूला उभा राहून बघा म्हणाला. आम्ही बघितलं. तो वळणापर्यंत पोचला न पोचला तोच ते पुन्हा गुरगुरलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी वायरमन. त्याचं म्हणणं, डिझेल सोडणाऱ्या वॉल्व्हची वायर सैल आहे. त्यानेही टाकीत डोकावलं, मग इतक्या वायरी सोडल्या आणि जोडल्या की आता उजवा दिवा लावला की हॉर्न वाजतो. पण मशीन सुरू झालं. तो गेल्यावर तेही गेलं. मग खुद्द दादा आला. दादाच्या मते पंपवाला डिझेलात पाणी घालतो. त्याने टाकीत डोकावून बराच वेळ वास घेतला, खालून थोडं डिझेल काढून बाटलीत धरलं आणि उन्हाकडे बघत राहिला. पाणी निघालं नाही, म्हणून पाणीच लबाड आहे असं ठरलं. मशीन सुरू झालं, दादाने माझ्याकडे विजयी नजर टाकली, आणि ती नजर अजून माझ्यावरच असताना इंजिन बंद पडलं.

एव्हाना फाटकाबाहेर जनावरांपेक्षा माणसं जास्त जमायला लागली होती. सिमेंटची गाडी येणार होती आणि अर्धा पाया अजून जमिनीतच होता. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की उद्यापर्यंत जमलं नाही तर त्या दुसरं मशीन बोलावतील. मामा, मला इतकं वाईट कशाचंच वाटलं नव्हतं. (का वाटलं ते विचारू नका. निदान इथे तरी नको.)

पण मग त्या तिथून गेल्या नाहीत. स्टूल आणून बसल्या आणि मला विचारायला लागल्या. बंद पडण्याआधी आवाज कसा येतो? एकदम जातं की झुरत झुरत? गरम झाल्यावरच का? टाकी भरलेली असताना लवकर जातं की रिकामी असताना? मी गाईचा मालक असल्यासारखी उत्तरं देत होतो. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुमचे सगळे वैद्य सारखेच पास होतात आणि सारखेच नापास. म्हणजे गुण औषधाचा नाही. औषधाआधी ते सगळे काय करतात?"

मी म्हटलं, टाकीचं टोपण उघडून आत बघतात.

"कशाला?"

"मी डिझेल न भरताच मशीन चालवतो असं सगळ्यांना वाटतं म्हणून."

त्यांनी मान अशी हलवली की तो संशय त्यांनाही आला असावा. मग म्हणाल्या, सुरू करा आणि पुन्हा बंद पडू द्या. मशीनने लगेच ऐकलं. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप टाकीला लावला (खरंच लावला, घोडेवाला साक्षीला आहे) आणि मला टोपण हळूहळू फिरवायला सांगितलं. आतून लांबलचक फुस्स आवाज आला, मला नुसत्या कानाने ऐकू आला. टोपणाला हवा जायला बारीक भोक असतं, ते बुजलं होतं. डिझेल खाली जाई, वरून हवा येत नसे, टाकी आतल्या आत श्वास कोंडून धरी आणि इंजिनला डिझेल ओढता येत नसे. वैद्याने टोपण उघडलं की बरं, लावलं की पुन्हा आजारी. भोक बुजवलं कुणी? दादाने. या कामाला निघण्याच्या आदल्याच दिवशी त्याने स्वतःच्या हाताने मशीनला पिवळा रंग दिला. जे दिसलं ते रंगवलं, त्यात टोपणही आलं. बाईंनी इंजेक्शनच्या सुईने रंग टोकरून काढला आणि संध्याकाळच्या आत पाया खोदून झाला. दादाने हे मोठ्या मनाने स्वीकारलं, म्हणजे रंग हलक्या प्रतीचा होता असं तो म्हणतो.

तर मामा, माझा प्रश्न पुढेच आहे. पायानंतर अंगण सपाट करायचं आणि पाइपसाठी चर खणायचा, अशी कामं निघाली. भोक मोकळं आहे, डिझेल स्वच्छ आहे, वायरी घट्ट आहेत. इतर सगळीकडे मशीन दिवसभर चालतं. डॉक्टरीणबाईंच्या फाटकात आलं की मात्र बंद पडतं, आणि बराच वेळ सुरू होत नाही. हे कशाने होत असेल, ते तुमच्या अनुभवाने कळवा.

तुमचा,
धाकटा

ता. क. हे पत्र मामीला वाचून दाखवू नका असं लिहिणार होतो, पण दाखवाच. मामी, मी टोपणाच्या भोकात साबण भरला होता. काम संपल्यावर तिथे जायला कारण उरेना, आणि त्यांच्यासमोर मला डिझेलखेरीज विषय सुचत नाही. तू येऊन त्यांच्याशी बोलशील का? आईला सांगू नकोस. ती आधी दादाला सांगेल आणि दादा रंग घेऊन येईल.

ता. क. (हे अक्षर माझं आहे, तुमच्या भाच्याचं नाही.) पत्र पोस्टात टाकायला त्यांनी माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. विसरले असावेत. मामा, साबण मला यांनी भरला त्याच दिवशी दिसला. तो काढून मी टोपण धुऊन परत लावलं. त्यानंतरही मशीन माझ्या फाटकात बंद पडतच राहिलं, आणि दर वेळी यांचा हात किल्लीवर होता. मामींना रविवारी पाठवा. बाकीचे दिवस दवाखाना असतो.