बरोबर जिंकली नाहीस

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आता डोळे मिटून बसावं लागतं. चेहरा चटकन आठवतो, कानावर अडकवलेली लाल पेन्सिल आठवते. आवाज मात्र आधी नुसता 'हं' एवढाच येतो आणि मग सावकाश बाकीचा. गेल्या आठवड्यात मी एक गोष्ट करून बसले, ती तुम्हाला सांगावी म्हणून लिहायला घेतलं आहे. पण तिथवर पोचायचं तर स्वयंपाकघरातून जावं लागेल, कारण आपल्या दोघांचं जे काही झालं ते तिथंच झालं. शाळेत तुम्ही मास्तर होतात, बैठकीत मास्तर होतात, आणि चुलीपासून हातभर अंतरावर पाट टाकून बसलात की तिथंही मास्तरच. वडील कुठं होतात, ते मला अजून सापडलेलं नाही.

औरंगपुऱ्यातलं ते भाड्याचं घर. रविवारी दुपारी तुम्ही मला घेऊन वाचनालयाच्या माडीवर जायचात. शहरातली बुद्धिबळाची हौशी मंडळी तिथं जमायची. बँकेतले कॅशियर, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, कॉलेजातली काही मुलं, आणि तुमचे जुने दोस्त वकीलसाहेब. बाकीचे खेळायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. तुम्ही एकटे असे की डावाची खेळी न् खेळी लिहून घ्यायचात, स्वतःच्या डावाची आणि माझ्याही. संध्याकाळी स्वयंपाकघरात पट मांडून म्हणायचात, "चल, तपासू." उत्तरपत्रिका तपासाव्यात तसं. तुम्ही मॅट्रिक झालात उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, शाळांची भाषा बदलली, तेव्हा मराठीतून गणित शिकवायला लागलात, पण मनातली मोजणी उर्दूतच राहिली. घोडा हातात धरून तुम्ही ग्यारह, बारह, तेरह असं पुटपुटत पुढच्या खेळ्या मोजायचात, आणि आई त्या तालावर भाकरी थापत राहायची. चुकीच्या खेळीपुढं लाल प्रश्नचिन्ह. फारच चुकली असेल तर दोन. चांगल्या खेळीपुढं उद्गारचिन्ह काढतात, हे मला तुमच्या इंग्रजी पुस्तकांवरून कळलं, माझ्या डावांवरून नाही.

मी सहावीत असेन. कॅशियरकाकांकडून हरले होते आणि घरी येईपर्यंत रडू आवरून धरलं होतं. पट मांडला तसं ते सुटलं. तुम्ही म्हणालात, "हरलीस म्हणून रडू नको. कुठं हरलीस ते तुला ठाऊक नाही, त्यासाठी रड." ते वाक्य मला तेव्हा फार मोठं वाटलं. शाळेत मैत्रिणींनाही सांगितलं. आज वाटतं, एवढ्याशा मुलीला आधी जेवायला वाढतात. आई म्हणालीही तसं, "तपासा की मागून. खाऊ द्या तिला आधी." तुम्ही पट हलवला नाहीत. मी पटाकडे बघत बघत गार भाकरी खाल्ली, आणि शेवटच्या घासाला मला दिसलं की हत्ती आधी हलवायला हवा होता. सांगितलं, तर तुम्ही 'हं' म्हणालात. त्या 'हं'साठी मी पुढची कितीतरी वर्षं खेळले.

शहरातल्या एका दैनिकात दर रविवारी तुमचं सदर यायचं. मोठ्या खेळाडूंचे डाव सगळेच छापतात. तुम्ही आपल्या माडीवरचे छापायचात. कॅशियरनी घोडा कसा घालवला, डॉक्टरांचा राजा कसा कोंडला गेला, सगळं नावानिशी. लोक हौसेनं वाचायचे, आपलं नाव शोधायचे, गुलमंडीवर एकमेकांना थांबवून हुज्जत घालायचे. वकीलसाहेबांचा हरलेला डाव मात्र त्यात कधी आला नाही, कारण ते हरायचेच नाहीत. निदान तुमच्याकडून तरी नाही. त्यांच्याशी बरोबरी झाली की त्या संध्याकाळी तुम्ही आईला स्वतःहून काहीबाही सांगायचात, बाजारातल्या भावांबद्दलसुद्धा. हरलात की घरात नुसता मोहऱ्यांचा आवाज.

मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना जिल्ह्याची खुली स्पर्धा झाली. एवढ्या पुरुषांत मी एकटी मुलगी. चौथ्या फेरीत माझ्यासमोर वकीलसाहेब आले. अजून तसंच्या तसं दिसतं. ते खुर्चीत बसतात, शेरवानीची वरची गुंडी सोडतात, चष्मा पुसतात, चहा घेणार का म्हणून मला विचारतात. तुम्ही भिंतीशी उभे राहून लिहून घेताय. डाव मधोमध आलाय आणि मला त्यांचा राजा एकाएकी उघडा दिसायला लागतो. मी माझा उंट त्याच्या पुढच्या प्याद्यावर टाकते, फुकट. कुणाची तरी खुर्ची सरकते. वकीलसाहेब बराच वेळ बघतात, मग राजानंच उंट मारतात. माझा घोडा पुढं येतो, शह. त्यांचा राजा मागं, आपल्या घरात जातो. मग माझा वजीर निघतो, आणि त्यानंतर फारसं काही उरत नाही. वकीलसाहेबांनी आपला राजा आडवा केला, उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू आज मेरेकू सांस बी नै लेने दी, बेटा." मग तुमच्याकडे वळून मिठाई मागितली. तुम्ही खेळ्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, "तपासू द्या आधी."

आठवडाभर तुम्ही तो डाव तपासलात. शाळेतून आलात की पाट, पट, पेन्सिल. पहिल्या दिवशी मी शेजारी बसले, कारण मला वाटलं तुम्ही माझा उंट पुन्हा पुन्हा बघताय. दुसऱ्या दिवशी कळलं की तुम्ही त्याच्यात भोक शोधताय. शेवटी एका संध्याकाळी हाक मारलीत. घोड्यानं शह दिल्यावर राजा मागं न जाता पुढं आला असता तर? उघड्यावर, सगळ्या सैन्यासमोर? तुम्ही खेळून दाखवलंत. माझा हल्ला विरत गेला, उंट फुकट गेला तो गेलाच. तुमचा चेहरा उजळला होता, अण्णा. इतका आनंद मी तुमच्या तोंडावर क्वचित पाहिला. आणि तुम्ही म्हणालात, "जिंकलीस हे खरं. पण बरोबर जिंकली नाहीस."

रविवारी तो डाव छापून आला. मथळा होता 'डोळे दिपवणारी चूक'. उंटापुढं दोन प्रश्नचिन्हं. काळ्या मोहऱ्यांपुढं वकीलसाहेबांचं पूर्ण नाव, आणि पांढऱ्यांपुढं नुसतं 'एक स्थानिक खेळाडू'. मी विचारलं, तर म्हणालात की मुलीचं नाव पेपरात कशाला, उद्या स्थळं बघायचीत. वकीलसाहेबांचा हरलेला डाव पहिल्यांदा तुमच्या सदरात आला होता, आणि तो कुणीच जिंकलेला नव्हता.

महिन्याभरात जिल्हा बुद्धिबळ संघटनेचे सेक्रेटरी घरी आले. राज्याच्या महिला स्पर्धेला सांगलीला जिल्ह्यातून एक मुलगी पाठवायची होती, आणि त्यांच्या मनात मी होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, मधे फक्त पडदा होता. तुम्ही 'पाठवत नाही' म्हणाला असतात तर बरं झालं असतं. मी रडले असते, उपाशी राहिले असते, आई मधे पडली असती. तुम्ही तसं म्हणालाच नाहीत. आत येऊन पेपरातलं कात्रण घेऊन गेलात आणि त्यांच्या हातात दिलंत. खेळ अजून कच्चा आहे, म्हणालात, तिथल्या मुलींचा राजा मागं जाणार नाही. आई चहा घेऊन बाहेर गेली. परक्यांसमोर कधी तोंड न उघडणारी आई त्या दिवशी म्हणाली, "पोरीला इचारा तरी." तुम्ही म्हणालात, "तिला काय विचारायचं? डाव समोर आहे." सेक्रेटरी कपबशी ठेवून, हात जोडून निघून गेले. दुसरी कुणी मुलगी गेली. तिचं तिथं काय झालं, मी विचारलं नाही. मला अजून चीड येते ती याची, की तुम्ही एक अक्षरही खोटं बोलला नव्हतात.

मी खेळणं सोडलं. तुम्हाला वाटलं रुसली आहे, जाईल राग. मग गंगापूरचं स्थळ आलं. घरची शेती, मुलगा बँकेत, माणसं चांगली. लग्नात कुणी पातेली दिली, कुणी साड्या. तुम्ही मला रेक्झिनच्या पुठ्ठ्यात बांधलेले माझे डाव दिलेत, सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवलेले आणि तपासलेले. सगळे हरलेले. जिंकलेल्या डावातून माणूस काय शिकणार, म्हणालात. सासरी नणंदेनं उघडून पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, हे काय, शेतीचा हिशेब का?" मी व्हय म्हणाले.

तुम्ही एकदाच गंगापूरला आलात, एसटीनं, पिशवीत घडीचा पट घालून. माझा मुलगा तेव्हा रांगत होता. चहा झाल्यावर ओसरीवर पट मांडलात आणि माझ्याकडे बघितलंत. एक डाव होऊन जाऊ दे, म्हणालात. मी म्हणाले, स्वयंपाक व्हायचाय. माझे सासरे बिचारे समोर येऊन बसले. त्यांना मोहरी कशी चालतात एवढंच ठाऊक. तुम्ही त्यांना पाच-दहा मिनिटांत हरवलंत आणि मग त्यांची एकेक चूक समजावून सांगायला लागलात. ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, आम्ही आपलं गंमत म्हणून बसलो." तुम्हाला ते कळलंच नाही. मी दारातून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला तुमची लाज वाटली, आणि त्याच्या पाठोपाठ कीव आली, आणि कीव आल्याचा पुन्हा राग आला.

त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात. शाळेतून आलात, पाणी मागितलंत, आई तांब्या घेऊन येईस्तोवर सगळं संपलं होतं. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. वकीलसाहेब उठून बाजूला आले. म्हातारे झाले होते. म्हणाले, "वो राजा आगे लेनेवाली चाल मास्टर मेरेकू आके दिखाए थे. मैं बोला, मास्टर, ये मेरेकू सात जनम में नै सूझती. बच्ची का नाम लिखो." मग चष्मा पुसत म्हणाले, "नै माने." तोवर माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिथं आलं. बायका म्हणाल्या, बापावर लई जीव होता हिचा.

तेराव्यानंतर आईनं मला एकदाच सांगितलं. आम्ही दोघी धुणं वाळत घालत होतो. "लई वर्षं त्यांना वकीलसायबाला हरवायचं व्हतं," ती म्हणाली. "तू मधीच हरवून बसलीस." एवढंच. मग तिनं धोतर झटकलं आणि दोरीवर टाकलं.

आता आम्ही पडेगावला राहतो. नवरा रिटायर झाला, आई आमच्याजवळ आहे. माझं मन रमावं म्हणून मुलानं फोनवर बुद्धिबळ टाकून दिलं. त्यात कुठलाही डाव घाला, ते एकेक खेळी तपासून देतं; तुम्हाला आठवडा लागायचा, त्याला पापणी लवायलाही वेळ लागत नाही. खूप दिवस मी त्या वाटेला गेले नाही. गेल्या आठवड्यात एका सकाळी बसले आणि तो डाव घातला. कागद लागला नाही, मला तो पाठ आहे. उंटाच्या खेळीवर त्यानं लगेच प्रश्नचिन्ह काढलं. मी काळा राजा पुढं नेऊन पाहिला. तुमचीच वाट. काळ्याची बाजू वरचढ. मी उठून पाणी प्यायले, पुन्हा बसले, पुन्हा पाहिलं. तेच.

तुम्ही बरोबर होतात, अण्णा. मला वाटायचं, एक दिवस कुणीतरी म्हणेल की पोरीचा उंट खरा होता, आणि मग माझी सुटका होईल. निकाल लागला तो तुमच्या बाजूनं. पण त्यानं माझा राग तसूभर कमी झाला नाही, तेव्हा मला कळलं की तो उंटाचा राग नव्हता. त्या चुकीसकट मी सांगलीला जाऊ शकले असते. तिथल्या मुलींचा राजा पुढं आला असता आणि मी हरले असते. हरले असते तर हरले असते. हरायला तरी पाठवायचं होतं मला.

आई गॅलरीत मेथी निवडत होती. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. मला फोनशी झटताना ऐकत होती. कुठला डाव बघतेस, तिनं विचारलं. मी म्हणाले, वकीलसाहेबांचा. तिचे हात थांबले.

"मग? काय म्हनतंय ते?"

मी म्हणाले, "म्हणतंय, अण्णा चुकले."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला ठाऊकच व्हतं," आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. रात्री माझ्या नवऱ्यालाही तिनं ते सांगितलं. काल शेजारीण आली होती, तर तिलाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं. एवढंच लिहून ठेवते की तुमच्याबद्दल मी आईशी खोटं बोलले, आणि आठवडा झाला, मला त्याचं अजून जरासुद्धा वाईट वाटलेलं नाही.