मालकाच्या चिठ्ठीशिवाय

मस्कत, शुक्रवार

अण्णांना साईनाथचा नमस्कार.

इथे सुलतानाने देशाचा मूळ कायदा नव्याने लिहिला, त्याच वर्षी कामगारांचाही नियम बदलला. करार संपला की मालकाच्या चिठ्ठीशिवाय दुसरीकडे कामाला जाता येतं. आमच्या मालकाने हे लपवलेलं. मला कळलं तसा खुशीत पहिला फोन तुम्हाला केलेला. तुम्ही म्हणालात, "अरे, ज्याचं मीठ खाल्लं त्याला न विचारता?" आणि थेट मला इथे पाठवणाऱ्या कल्याणच्या एजंटला विचारायला गेलात. त्याने मालकाला कळवलं. तेव्हापासून माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे.

अण्णा, वागळे इस्टेटच्या कारखान्यात तीस वर्षं तुम्ही एकाच लेथवर उभे राहिलात. तिथे तुम्हाला बांधून ठेवणारा कुठलाच कायदा नव्हता. तरी साहेबाने रजा दिली नाही म्हणून तुम्ही पोटच्या पोराच्या, माझ्या बारशालाही आला नाहीत.

माझा करार काल संपला. रविवारी कामगार खात्यात जाऊन पासपोर्ट मागणार आहे. मालक ओरडेल, ओरडू दे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुम्ही ते आधी एजंटलाच दाखवाल. नव्या कामावरून फोन करीन. तेव्हा विचारणार नाही, सांगेन.

तुमचाच,
साईनाथ