मिर्तोच्या कानातलं रवाकाम

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून सुरुवात. नातीचं, मिर्तोचं, लग्न १९ जानेवारीला. तिच्या कानात माझ्या हातची कर्णफुलं असणार, अडीच हजार वर्षांपूर्वी आमचे ग्रीक सोनार करत तशी. खसखशीएवढे सोन्याचे रवे, पत्र्यावर एकेक मांडलेले. डाख नाही, साचा नाही, मशीन नाही. सोनं बायकोच्या लग्नातल्या बांगडीचं. देताना पोलिक्सेनी म्हणाली, ही एकच उरलीय अरिस्तिदी, खेळायला देत नाहीये. म्हटलं, पंचावन्न वर्षं या धंद्यात काढलीत. म्हणे, त्यातली शेवटची चार आरामखुर्चीत.
संकल्प : रोज तीन तास. दुपारची झोप बंद.

९ नोव्हेंबर
झोप झाली. पण कामही झालं. तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत घालून मुशीत तापवले. तापले की आपोआप गोल होतात. आठवीत मास्तरांनी दवबिंदूंची कविता शिकवली होती. मी ती म्हणून दाखवली तेव्हा मास्तर सारखे खिडकीबाहेर बघत होते. बहुतेक डोळे भरून आले असावेत.
रवे निवडून डबीत ठेवले. पोलिक्सेनीने डबी पाहिली. म्हणे, यातला निम्मा कोळसा आहे. असेल. कोळसाही गोलच होता.

१४ नोव्हेंबर
धुकं. आमच्या यानिना गावात सरोवराचं धुकं नवं नाही, पण यंदा ते थेट दुकानात येऊन बसलंय. आणि नेमकं मी बघतो तिथेच, मधोमध. कडेला स्वच्छ. पोलिक्सेनी म्हणते, बाहेर कडक ऊन आहे, चादरी तासाभरात वाळल्या. तिला वाढवून सांगायची सवय आहे.

२० नोव्हेंबर
घर खचतंय. दाराची चौकट मध्येच वाकलीय, धनुष्यासारखी. पोलिक्सेनीला दाखवली. तिने वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ या. म्हटलं, चौकटीला डॉक्टर कशाला, सुतार बोलाव.

२९ नोव्हेंबर
पहिली भट्टी. बिहीदाण्याच्या चिकात तांब्याच्या हिरव्या दगडाची पूड कालवली, त्याने रवे चिकटवले. मग फुंकणीने ज्योत. या कामात सगळी मदार एका चमकेवर. सोनं वितळायच्या काठावर आलं की वरून एक चमक सरकते, पाण्यावरून वारा जावा तशी. त्याच क्षणी ज्योत काढायची. रवे बसलेले असतात. पापणी लवली की संपलं.
चमक आली नाही. वाट बघत राहिलो. आलीच नाही. तोवर सगळ्याचा गोळा.
बांगडीच्या सोन्यात भेसळ असणार. सासऱ्यांबद्दल आजवर मी कधी वाईट बोललो नव्हतो.

३० नोव्हेंबर
बोललो. घेवड्याच्या सुपात मीठ नव्हतं.

८ डिसेंबर, रविवार
स्तेर्गियोस आला. माझ्याच हाताखाली शिकला. आता समोर दुकान आहे, मेणाचे साचे नि ओतायचं मशीन. तासाला शंभर नग, एकासारखा एक. गोळा उजेडात धरून तो उलटसुलट फिरवत राहिला. माझी हिंमत निरखत असणार. मग म्हणाला, मास्तर, एक जोड मी ओतून देऊ का? तुमच्याच जुन्या नमुन्यावरून. कुणाला कळणार नाही. म्हटलं, मला कळेल. हे विचारताना तो पोलिक्सेनीकडे बघत होता, असं तीच म्हणते. मला नाही वाटत.

१७ डिसेंबर
दुसरी भट्टी. दुसरा गोळा. स्तेर्गियोसची दृष्ट, दुसरं काय. गल्लीतल्या वासिलो म्हातारीकडे गेलो. तिने पाण्यात तेलाचा थेंब सोडला, पुटपुटली, आणि अशी जांभई दिली की जबडा कडाडला. काढणाऱ्याला जांभई आली की दृष्ट जबर. तीनदा थुंकली. म्हणाली, आता जा, मोकळा झालास. निघताना विचारलं, अरे, ही बाही कोपरापर्यंत जळलीय, तुला दिसली नाही का?
मागच्या बाजूने जळली होती. माणूस मागे कसा बघणार?

२४ डिसेंबर
पोलिक्सेनीने गॅसची चावी काढून एप्रनच्या खिशात घातली. म्हणे, ज्योत नव्हती, नुसता गॅस सुटला होता, जिन्यापर्यंत वास आला. मला ज्योत दिसत होती. जवळजवळ दिसत होती. पन्नास वर्षं संसार करून या बाईला कलेतलं काही कळलं नाही. तिच्या माहेरी कुणालाच कळत नव्हतं. आवाजही सगळ्यांचे फाटके.
चावी रात्री परत दिली. फक्त ती शेजारी बसलेली असतानाच पेटवायचं, अशी अट. बसली. विणतेय म्हणाली, पण सुयांचा आवाज येत नव्हता.

६ जानेवारी
सणाचा दिवस. पाद्र्याने सरोवरात क्रूस टाकला, तो काढून आणायला पोरांनी बर्फासारख्या पाण्यात उड्या मारल्या. पलीकडे झाडाखाली मिर्तो उभी राहून हात करत होती. मीही केला. बराच वेळ केला. मग अगदी कानाजवळ मिर्तोचा आवाज आला : आजोबा, कुणाला हात करताय?
थंडी फार होती. लवकर घरी आलो.

१२ जानेवारी, रविवार
जमलं! चमकेची वाटच बघितली नाही. वृत्तात ओळ म्हणावी तसा मनात ठेका धरला, बाराव्या मात्रेला ज्योत काढली. दोन्ही कर्णफुलं एकाच दिवसात. पोलिक्सेनीने तळहातावर घेतली. खिडकीशी नेली. मिर्तोने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, गाल ओले लागले. एवढी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती.
पोलिक्सेनी म्हणाली, स्तेर्गियोसकडून पॉलिश करून आणते. आण. पॉलिश हे शिकाऊ माणसाचंच काम.

१९ जानेवारी, रविवार
लग्न झालं. दोघांच्या डोक्यावरच्या माळांची तीनदा अदलाबदल झाली, तांदूळ उधळले. जेवणाच्या टेबलाशी मिर्तो माझ्यापुढे वाकली. मी तिच्या कानाला हात लावला.
रव्यांवरून नख फिरवलं. सरकन निघून गेलं.
खऱ्या कामात रवा टेकतो फक्त एका ठिपक्यावर. खाली फट राहते, नख प्रत्येक रव्याला अडतं. इथे सगळे एका उंचीचे, आणि मधल्या जागा भरलेल्या. ओतीव.
मिर्तोचा सासरा मोठ्याने म्हणाला, वा मास्तर, या वयात असे हात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिर्तोने हळूच विचारलं, आवडली ना आजोबा? म्हटलं, इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.
जेवण संपेपर्यंत पोलिक्सेनीचा हात माझ्या पाठीवर होता.

२० जानेवारी, सोमवार
सकाळी म्हटलं, माझी दे. तिने विचारलं नाही कुठली ते. रुमालाची गाठ सोडून हातात ठेवली. चावून टाकलेल्या हरभऱ्यासारखी दोन. चाचपून पाहिलं. रवा एकही नाही.
म्हणाली, तुमचं सोनं आहे, हवं तेव्हा वितळवा. आवाज फाटका नव्हता.
उद्या दहाला डोळ्यांचा डॉक्टर. तिने वेळ डिसेंबरातच घेऊन ठेवली होती. हो म्हटलं. केव्हापासून असं होतंय, कसं कसं वाढलं, ते डॉक्टर विचारतील म्हणाली. तारीखवार सगळं इथे आहेच, म्हणून वही उघडली. काळ्या रेघा. पान उलटलं. काळ्या रेघा, मध्ये राखाडी डाग. माझंच अक्षर, आणि एक शब्द लागेना.
म्हणजे तिच्याकडूनच वाचून घ्यावं लागणार. तिच्याबद्दल आणि तिच्या वडिलांबद्दल लिहिलेली पानं त्याआधी फाडली पाहिजेत.
ती पानं कुठली, हे तिलाच विचारावं लागेल.