न बुडालेला थेंब

तंजावूर, मंगळवार संध्याकाळ, १९९४

धाकट्या भावाचं उद्या ऑपरेशन. रक्त द्यायला मी हट्टाने गेले. तीस वर्षं त्याच्या घरी रांधते, ते कुणाच्या लक्षात येत नाही. रक्त तरी येईल, असं वाटलं.

नर्सने बोट टोचून थेंब निळ्या पाण्यात सोडला. कसदार रक्त तळाशी जातं. माझा थेंब वरच तरंगला.

"अम्मा, तांबड्या पेशी कमी आहेत, तुमचं रक्त घेता येणार नाही. नीट जेवता ना?"

तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या रोगाशी लढतात. कॉन्व्हेंट शाळेत हे घडाघडा म्हणून मी सिस्टरकडून बक्षीस घेतलं होतं. रक्ताला लोह लागतं, तेही म्हटलं होतं. मग?

भावजय हसली. "वन्सं, स्वयंपाकघर तुमच्या हाती, आणि तुम्हीच उपाशी?"

सगळे जेवल्यावर भांड्यात काय उरतं, हिला ठाऊक नाही? की मीच कधी बोलले नाही? तो थेंब डोळ्यांपुढून हलत नाही. किती हलका होता.

भाऊ म्हणाला, "जाऊ दे अक्का, रसम तेवढं पाठव."

पाठवलं. मग कीरैची पालेभाजी आधी माझ्या पानात वाढून घेतली, आणि भावजय पाहील म्हणून दार लावून खाल्ली.